पाच पियास्टरची ऐश

गव्हाच्या जहाजाची झाकणं सरकली की आधी धूळ उठते, मग वास येतो. भात झोडून कणगीत भरताना आमच्या पडवीत यायचा, त्याच्या जवळपासचा वास. फक्त इथली कणगी ५५ हजार टनांची.

२००८ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीच्या मुखाशी असा गहू भरून आम्ही अलेक्झांड्रियाला लागलो होतो. मी सेकंड मेट, म्हणजे जहाजावरचा एक अधिकारी. बंदरात सहा तास डेकवर, सहा तास झोप, असं चालायचं. दुपारी बाराला डेकवर आलो तर ग्रॅब थांबलेले, क्रेनवाला खाली उतरलेला. हमालांची जेवणाची सुट्टी. त्यांच्या मुकादमाने हॅचच्या कडेला वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, मूठभर हिरवा पाला आणि पसरलेल्या पंजाएवढ्या, टम्म फुगून मग बसलेल्या सात-आठ रोट्या. पाठीला कोंडा चिकटलेला. भाकरीला सुटतो तसा पापुद्रा सुटलेला. त्याने एक रोटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "ऐश."

मला हसूच आलं. माझ्या कानात हा शब्द बाबांच्या आवाजात बसलेला. पहिल्या पगारातून मी बूट घेतले तेव्हा ते म्हणाले होते, "कमवायला लागलास म्हणून ऐश करायची नाही." बाबा गिरणीत होते, त्यांच्या लेखी बाटाचे बूट म्हणजे ऐश. आणि इथे कोंड्याची रोटी म्हणजे ऐश!

शब्द एकच. अरबीत त्याचा अर्थ जगणं. फारसीच्या वाटेने आपल्याकडे पोचेपर्यंत त्या जगण्याचं चैनीत जगणं झालं. दरबारातून फिरत आलेल्या शब्दांचं होतं तसं. इजिप्तच्या माणसाने मात्र तो थेट रोटीला लावला. बाकीचे अरब रोटीला खुब्ज म्हणतात. आखातात काही ठिकाणी ऐश म्हणजे भात, आणि कोकणातल्या माणसाला मनातून तेच जास्त पटतं. पण ते असो.

त्या मुकादमाला सगळी टोळी 'रय्यिस' म्हणायची. म्हणजे आपला रईस. मराठीत रईस म्हटलं की गडगंज माणूस डोळ्यांपुढे येतो. तिकडे होडीच्या तांडेलाला रय्यिस म्हणतात, हमालांच्या मुकादमाला रय्यिस म्हणतात आणि देशाच्या राष्ट्राध्यक्षालाही रईसच म्हणतात. आमचा हा रईस साठीकडे झुकलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी हिंदी आहे कळल्यावर आधी "अमिताभ बच्चन" झालं, मग त्याने दोन्ही हातांनी हँडल धरल्यासारखं करून "बजाज! बजाज!" म्हटलं. ते मला तेव्हा कळलं नाही.

जहाजावरचा माणूस देश पाहतो तो धक्क्याच्या बाजूने. जास्तीत जास्त बंदराच्या फाटकाबाहेरचा एक रस्ता, एक सिमकार्डवाला, एक चहाचं दुकान. तरी गहू घेऊन जाणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी पिरॅमिड बघून परतणाऱ्याला दिसत नाही. इजिप्त आज वर्षाला साधारण २ कोटी टन गहू खातो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास बाहेरून आणतो. भागाकार करून बघा. आमचं अख्खं जहाज, ज्यात माणूस पडला तर बुडून जाईल एवढे मालाचे पाच होल्ड, म्हणजे त्या देशाचा एका दिवसाचा गहू. आम्ही दहा दिवस उपसत होतो तो एका दिवसात खाऊन व्हायचा.

एवढी भूक बाहेरच्या गव्हावर टांगलेली असेल तर राज्यकर्त्याला आणि रयतेला दोघांनाही काहीतरी ठरवून घ्यावं लागतं. तसं ते ठरलं होतं. लिहून नव्हे. १९५२ मध्ये राजा फारूकला घालवून आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी जमिनीला कमाल मर्यादा घातली, २०० फेद्दान, म्हणजे दोनशे एकरांच्या किंचित वर. पुढे त्यांच्यातल्याच नासर यांच्या काळात कारखाने सरकारी झाले, विद्यापीठाची फी गेली, १९६४ मध्ये तर पदवीधराला सरकारी नोकरीची हमीच मिळाली. शेतमजुराचा पोरगा इंजिनिअर होऊन खुर्चीत बसला. हे सगळं खरंखुरं झालं, नासरला नावं ठेवणारेही ते नाकारत नाहीत. मोबदल्यात एकच द्यायचं होतं: तोंड बंद ठेवायचं. त्याची चुणूक पहिल्याच महिन्यात मिळाली होती. अलेक्झांड्रियाजवळ कफ्र अल-दव्वारला गिरणी कामगारांनी ऑगस्ट १९५२ मध्ये संप केला आणि नव्या, गरिबांच्या कैवारी सरकारने त्यातल्या दोघांना फासावर लटकवलं.

भाकरी आमची, गप्प बसणं तुमचं. हिशेब साधा होता. फक्त भाकरी यांची नव्हतीच, गहू अमेरिकेचा होता. डिसेंबर १९६४ मध्ये पोर्ट सैदच्या सभेत नासर म्हणाले की ज्यांना आमचं वागणं पसंत नाही त्यांनी समुद्राचं पाणी प्यावं, आणि भूमध्याचं पुरलं नाही तर तांबडा समुद्र आहेच. वाक्य जबरदस्त, पण जहाजं थांबवणं ज्याच्या हातात असतं त्याच्यावर वाक्यांचा परिणाम होत नाही. त्याच सुमारास आपल्याकडेही अमेरिकेच्या गव्हाकडे डोळे लावून बसावं लागत होतं. तेच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन, तीच आखडती मूठ. आमची आजी लाल गव्हाचं आणि नंतरच्या दुष्काळातल्या मिलो ज्वारीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. दोन्ही देशांच्या त्या पिढीला परक्या धान्याची चव ठाऊक होती. पुढे आपण पंजाबात गहू पिकवला. इजिप्तकडे नाईलच्या दोन्ही काठांची हिरवी पट्टी आणि बाकी वाळू.

नासर यांच्यानंतर सादात आले आणि त्यांनी १९७४ मध्ये 'इन्फिताह', म्हणजे दारं उघडण्याचं धोरण आणलं. दारं उघडली ती आयातदारांसाठी. मग कर्ज आलं, कर्जामागून नाणेनिधी आला, आणि १७ जानेवारी १९७७ ला सरकारने रोटीपासून साखर-चहा-तांदळापर्यंत रोजच्या वस्तूंवरची सवलत कापल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी अलेक्झांड्रियात सर्वांत आधी रस्त्यावर आले ते बंदरातले, जहाजबांधणीच्या कारखान्यातले कामगार. दोन दिवसांत पार अस्वानपर्यंत पेटलं. "या बतल अल-उबूर, फीन अल-फुतूर?" कालवा ओलांडणाऱ्या वीरा, आमची न्याहारी कुठाय? १९७३ च्या युद्धात सुएझ ओलांडल्याचा मान सादात छातीवर मिरवत होते, त्याच मानाला लोकांनी यमक जुळवलं. सादातनी याला 'हरामींचं बंड' म्हटलं. अरबीत हरामी म्हणजे चोर. शिवी आपल्याकडे आल्यावर आणखी घसरली. सत्तरहून अधिक माणसं मेली, रस्त्यावर सैन्य आलं आणि भाववाढ मुकाट्याने मागे घेतली गेली.

१८ जानेवारी ही तारीख आमच्या घरात वेगळ्याच कारणाने पाठ आहे. १९८२ साली त्याच तारखेला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो काही संपला नाही. बाबा गावी परतले. त्यामुळे कामगार आधी रस्त्यावर आले असं कुठे वाचलं की मी दोनदा वाचतो.

१९७७ पासून इजिप्तच्या राज्यकर्त्यांनी एक धडा घेतला आणि तो अगदी घट्ट धरून ठेवला: रोटीच्या किमतीला हात लावायचा नाही. बाकी कशालाही लावायचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत रोटी हळूहळू, आवाज न करता पाच पियास्टरवर आली आणि तिथेच थिजली. पाच पियास्टर म्हणजे पौंडाचा विसावा भाग, बोलीत 'शिलिन'. तीस वर्षांहून अधिक काळ या रोटीचा भाव शिलिनच राहिला. चहा वाढला, भाडं वाढलं, मांस तर सणापुरतं झालं. रोटी शिलिन. वजन मात्र उतरत गेलं, १३० ग्रॅमवरून २०२० मध्ये ९० ग्रॅमवर. भाव वाढला की मोर्चा निघतो. वजन घटलं की बायको नवऱ्याला म्हणते, अलीकडे पोट भरत नाही.

मी पहिल्यांदा ती रोटी खाल्ली त्या २००८ च्या वसंतात भट्ट्यांपुढे मैलभर रांगा होत्या. जगात गहू महागलेला. सरकारी पीठ भट्टीवाल्याला कवडीमोलाने मिळायचं आणि त्याच पिठाला बाजारात कितीतरी पट भाव होता, तेव्हा पोतं मागच्या दाराने जाणारच. रेशन दुकानाच्या मागचं दार ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. रांगेत मारामाऱ्या होऊन माणसं मेली होती. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष मुबारक यांनी सैन्याला रोट्या भाजायला लावलं. आमच्या रईसची बायको पहाटेच्या नमाजाआधी रांगेत उभी राहायची. त्याने हे मला चार इंग्रजी शब्दांत आणि बाकी हातवाऱ्यांनी सांगितलं, घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून.

आम्ही धक्क्याला होतो त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, महल्ला अल-कुब्रात दंगल झाली. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं हे गिरणगाव. तिथली मोठी सूतगिरणी तलात हर्ब यांच्या बँक मिस्रने १९२७ मध्ये काढलेली, देशी भांडवलाचं लाडकं लेकरू. पुढे ती सरकारी झाली. डिसेंबर २००६ मध्ये बोनस मिळाला नाही म्हणून तिथे वीस हजारांवर कामगार संपावर गेले, आणि सुरुवात बायकांनी केली. यंत्रं सोडून त्या आवारात आल्या आणि ओरडल्या, "पुरुष कुठायत? या बघा बायका इथे आहेत!" बाबांना मी हे फोनवर सांगितलं. ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "इजिप्तचा कापूस आमच्याकडे यायचा. लांब धाग्याचा. हाताला लोण्यासारखा." संपाबद्दल काही बोलले नाहीत.

२०११ नंतर सगळे फेसबुकबद्दल लिहू लागले. मला ते कधीच पुरतं पटलं नाही. ज्या तरुणांनी फेसबुकवर हाका घातल्या त्यांच्या गटाचं नावच '६ एप्रिल' होतं, आणि तो दिवस महल्लाच्या कामगारांनी संपासाठी ठरवलेला होता.

शेवटच्या होल्डचा तळ लागला की हमाल खाली उतरून झाडू मारतात. कोपऱ्यांत, शिड्यांखाली, फासळ्यांमध्ये गहू अडकून राहतो. गंज आणि धूळ मिसळलेला असा दोन-चार पोती निघतो. रईस माझ्याकडे आला, टोपी काढली, छातीवर हात ठेवला आणि विचारलं की यातलं एक पोतं घेऊ का. कशाला? त्याने दोन्ही हात पंखांसारखे हलवले. हमाम. कबुतरं. अलेक्झांड्रियात गच्चीवर कबुतरं पाळतात, आणि मग भातासोबत शिजवतातही. मी चीफ मेटला विचारून हो म्हटलं. पोतं तो असं घेऊन गेला, जणू मी त्याला माझ्या घरचं काही दिलंय.

जाताना त्याने फोनवर फोटो दाखवला. काळी-पिवळी रिक्षा आणि तिच्यावर रेलून उभा असलेला पोरगा. तेव्हा 'बजाज'चा उलगडा झाला. संभाजीनगरजवळ वाळूजला बनणारी आपली तीनचाकी तिकडे सुट्या भागांत जायची, तिथे जोडली जायची आणि टुकटुक म्हणून गल्लीबोळांत धावायची. पोरगा बीकॉम. नासरच्या हमीप्रमाणे त्याला सरकारी खुर्ची मिळायला हवी होती. पण त्या हमीची रांग नव्वदच्या दशकातच दहा-दहा वर्षांची झाली होती, आणि नंतर रांगही कोणी धरेना. ज्यांना जुनी खुर्ची मिळाली होती त्यांची तऱ्हा निराळी. एका अरबी बंदरात, नाव घेत नाही, कागद तपासायला आलेला एक बाबू सिगारेटचं खोकं घेतल्याशिवाय उठेना. मी चिडलो. त्याने शांतपणे पाकिटातून पगाराची चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. खुर्ची होती, पगार नव्हता. शेवटी मी खोकं दिलं आणि तोंड मात्र वाकडंच ठेवलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

टुकटुकला तेव्हा नंबरप्लेटही नसायची. जे कागदावर नाही ते कधीही उचलता येतं. चौकीपुढून जाताना 'शाय' द्यायचा. शाय म्हणजे चहा. आपण पाणीही जोडतो, तेवढाच फरक.

आणि कागदावरचा इजिप्त? तो तर फुलत होता. १९९१ पासून सरकारी कारखाने विकायला काढले होते. १९९२ मध्ये कुळकायदा उलटवला आणि १९९७ पासून जमीनमालकांना कुळं काढायची मोकळीक मिळाली. नासरने दिलेलं पहिलं दान असं परत गेलं. २००४ मध्ये पंतप्रधान नझीफ यांचं मंत्रिमंडळ आलं, त्यात उद्योगपतीच मंत्री. पोलादाचा राजा अहमद एझ्झ सत्ताधारी पक्षाचा सूत्रधार. २००६ ते २००८ मध्ये वाढीचा दर ७ टक्क्यांच्या घरात. जागतिक बँकेने तर उद्योग करायला सोपं करणाऱ्या देशांत इजिप्तला पहिला नंबर दिला होता. उद्योग सोपा झाला होता हे खरंच. कोणासाठी, हे त्या तक्त्यात नव्हतं.

जानेवारी २०११. मी चीफ मेट झालो होतो. आदल्या ऑगस्टमध्ये दुष्काळ आणि वणव्यांमुळे रशियाने निर्यात बंद केली होती, त्यामुळे पुन्हा मिसिसिपी, पुन्हा अलेक्झांड्रिया. धक्का मोकळा नव्हता, बाहेर नांगर टाकून थांबलो. २५ जानेवारीला, तिथल्या पोलीस दिनाला, गर्दी जमल्याचं एजंटने सांगितलं. २८ तारखेला, शुक्रवारी, एजंटचा फोन लागेना. अख्ख्या देशाचे मोबाईल आणि इंटरनेट बंद. रेडिओवर बंदराचा कंट्रोलही तुटक बोलत होता. संध्याकाळी ब्रिजवरून दुर्बीण लावली तर शहरावर धुराचे तीन-चार खांब. एक धूर गव्हर्नरच्या कचेरीचा होता हे नंतर कळलं. जागोजागच्या पोलीस चौक्याही त्या रात्री जळाल्या. आमच्या पोटात देशाचा एक दिवसाचा गहू आणि आम्ही किनाऱ्यापासून काही मैलांवर नुसते डोलतोय.

बँका बंद, म्हणजे पैसे अडकले, म्हणजे माल अडकला. रात्रीच्या वॉचला लघुलहरींवर बीबीसी लावून बसायचो. आमच्या बोसनला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, तोही रत्नागिरीकडचाच, घोषणा ऐकून फार गंमत वाटली. "ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया!" तो म्हणाला, "साब, हे लोक ऐश मागतायत?" मी त्याला रोटी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय असं समजावलं. तो म्हणाला, "मग रोटी महाग केली का सरकारने?"

या प्रश्नावर मी तेव्हापासून अडकलो आहे. कारण केली नव्हती. जगात गहू कडाडला होता, भाजी-मांस-डाळ तर फारच, पण सरकारी रोटी शिलिनचीच होती. रशियाचे वणवे, गव्हाचा भाव, आणि मग क्रांती, अशी सोपी साखळी पुढे किती जणांनी मांडली! आमच्या धंद्यातले लोक तर हे मोठ्या अभिमानाने सांगतात, जणू मुबारकना आमच्या भाड्याच्या दरांनी घालवलं. मला वाटतं, जमावाने मागितली ती भट्टीतली ऐश नव्हती, शब्दातली होती. रोटी मिळत होती, जगणं मिळत नव्हतं. करारातली एक वस्तू सरकारने काचेच्या पेटीत जपून ठेवली आणि नोकरी, जमीन, इस्पितळ, पोराचं लग्न हे सगळं एकेक करून काढून घेतलं, गप्प बसण्याची अट मात्र पहिल्याइतकीच कडक. अलेक्झांड्रियाच्या खालिद सईद या तरुणाला जून २०१० मध्ये पोलिसांनी मारून टाकलं. त्याचा भाकरीशी काय संबंध? मला विचाराल तर सगळा संबंध होता. टुकटुक चालवणाऱ्याने चौकीपुढे जे रोज दिलं, तेच याच्याकडून एकदम वसूल केलं होतं.

ट्युनिशियात ठिणगी पडली तीही तराजूपायी. सिदी बूझीदचा मोहम्मद बूअझीझी भाजीची गाडी ढकलायचा. १७ डिसेंबर २०१० ला त्याचा काटा जप्त झाला. तो परत मागायला गव्हर्नरच्या कचेरीत गेला, कोणी उभं केलं नाही, आणि त्याने दारातच पेटवून घेतलं. सुरुवातीला बातम्यांत त्याला पदवीधर केलं होतं. तो नव्हता. जणू पदवी नसलेल्या माणसाचं जळणं पुरेसं नव्हतं! तो देशही कागदावर आदर्श होता, नाणेनिधीच्या प्रमुखांनी २००८ मध्ये कौतुक केलेला. राष्ट्राध्यक्ष बेन अली यांच्या गोतावळ्याशी जोडलेल्या २२० कंपन्या खासगी क्षेत्राचा २१ टक्के नफा खात होत्या, हा हिशेब जागतिक बँकेच्याच अभ्यासात आला, पण २०१४ मध्ये. गाडीवाल्याला तो आधीच माहीत असणार. गफ्साच्या खाणींतल्या लोकांना तर नक्कीच. २००८ मध्ये फॉस्फेट कंपनीच्या भरतीची यादी लागली, त्यात सगळी वशिल्याची नावं, आणि रदैयफ गाव सहा महिने धुमसत राहिलं. त्या मुलखातलं फॉस्फेट आम्ल आणि खतांच्या रूपाने भारतात येतं. आपल्या उसाला पडणाऱ्या डीएपीच्या गोणीत कुठल्या भरतीची भांडणं आहेत, गोणीवर छापत नाहीत.

अरबीत महसूल म्हणजे पीक. आपण त्याला सरकारचा वाटा केलं, बहुधा पीक शेतात असतानाच सरकार दारात यायचं म्हणून. पण तिकडच्या कित्येक सरकारांना रयतेचा महसूल फारसा लागतच नाही. सुएझची २०११ च्या सुमारास वर्षाला ५ अब्ज डॉलरच्या आसपास दस्तुरी, तेल-वायू, परदेशी राबणाऱ्यांच्या मनीऑर्डरी, अमेरिकेची लष्करी मदत. ज्याला तुमच्याकडून घ्यायचं नाही त्याला तुम्हाला विचारायचंही नाही. आखातात हे आणखी उघडं. आमच्या वाडीतला एक जण कुवेतला आहे. त्या जानेवारीत त्याने फोन केला, त्याच्या शेठला अमिराने १,००० दिनार दिलेत, घरातल्या प्रत्येक माणसाला, वर १४ महिने शिधा फुकट! "आणि तुला?" मी विचारलं. तो हसला. आम्ही गरीब, तो म्हणाला, आणि त्यालाही ठाऊक नसेल की अरबीत गरीब म्हणजे परका.

११ फेब्रुवारीला मुबारक गेले. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही धक्क्याला लागलो. तोच रईस वर आला. मी ओळखलं, त्याने नाही. मग हँडल धरल्यासारखं करून "बजाज" म्हटलं तर मिठीच मारली. फार बोलला, मला चौथा हिस्सा कळला. पोरगा अठरा दिवस घरी आला नव्हता. टुकटुक जळाली. हे सांगताना तो हसत होता. धक्क्यावर पोलीस दिसत नव्हता. हमाल मोठमोठ्याने बोलत होते, एकमेकांशी वाद घालत होते, मुकादमाशीसुद्धा. काम हळू चाललं होतं आणि कॅप्टन वैतागला होता. मला त्या आवाजाची मजा वाटत होती. शेवटच्या दिवशी होल्ड झाडून झाल्यावर रईसने दोन पोती बांधली, खांद्यावर टाकली आणि गँगवेने उतरून गेला. या खेपेला त्याने विचारलं नाही.

'इन्किलाब झिंदाबाद' म्हणत आपल्याकडे पिढ्या गेल्या. अरबीत क्रांतीला 'सौरा' म्हणतात. इन्किलाब म्हणजे उलथापालथ, लष्कराने सत्ता घेणं. ३ जुलै २०१३ ला सैन्याने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना काढलं, तेव्हा इजिप्तमध्ये घराघरांत यावरूनच भांडणं झाली, ही सौरा की इन्किलाब. शब्द चुकीच्या तोंडून निघाला तर तुरुंग.

एप्रिल २०२२ मध्ये इजिप्तने भारताचा गहू घ्यायला मान्यता दिली. मी तेव्हा समुद्र सोडून पनवेलला ऑफिसात बसू लागलो होतो. कांडल्यावरून एखादं जहाज अलेक्झांड्रियाला लावता आलं तर, असं मनात आलंही. १३ मेला आपणच निर्यात बंद केली. आणि १ जून २०२४ पासून ती रोटी पाचाची वीस पियास्टर झाली. तीस वर्षांहून अधिक काळ ज्याला कोणी हात लावला नव्हता ते एका सकाळी चौपट झालं. एकही मोर्चा निघाल्याचं मी वाचलं नाही. बातमी वाचली आणि २०१५ ची माझी शेवटची खेप आठवली.

रुमानियातल्या कोन्स्तांत्सा बंदराचा गहू होता. मुकादम नवा, तरुण, इंग्रजी चांगलं. गँगवेवर बंदराचा नव्हे, गणवेशातला वेगळाच माणूस बसलेला. जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्र पसरलं गेलं, रोटी निघाली, मी आपणहून "ऐश" म्हणालो. त्याने मान हलवली, एक तुकडा दिला. जुन्या रईसबद्दल विचारलं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या पोराबद्दल विचारणार होतो, पण काय सांगून विचारणार. शेवटी होल्ड झाडून झाला, कोपऱ्यात गंजमिश्रित गव्हाचा ढीग. मीच म्हणालो, एक पोतं ने, हमामला. तो गँगवेकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे कबुतरं नाहीत, सर."